चार पदरी गाळलेलं पाणी

बिंदुमाधवराव पाळंदे यांच्या मते अख्ख्या काशीत बिनचूक काम करणारा माणूस एकच उरला होता, आणि तो त्यांना रोज सकाळी दाढी करताना आरशात भेटत असे. बाकीचे सगळे अर्धवट. हा त्यांचा लाडका शब्द. नळवाले अर्धवट, बँकेतले अर्धवट, दुर्गाघाटावरचे भिक्षुक तर जन्मजात अर्धवट. पुण्यातल्या जावयाचा नंबर या सगळ्यांच्या वरचा, कारण लग्नानंतरच्या पहिल्याच भेटीत तो म्हणाला होता, "बाबा, या गाडीत मारुतीचं इंजिन बसवून टाका ना, कटकट मिटेल." कुणाल बिचारा चांगल्या मनाने बोलला होता. त्याला नऊ वर्षं झाली, मुलीला, मालविकाला, दोन मुलं झाली, पण सासऱ्यांनी जावयाला अजून त्या गाडीच्या बॉनेटला हात लावू दिलेला नाही.

ती गाडी म्हणजे टोयोटाची सेलिका, सन १९७४, दोन दारांची, लांब नाकाची, बुटकी. विद्यापीठातल्या कुणा सर्जनने विलायतेतून परतताना बोटीवर घालून आणली, पाच-सहा वर्षं मिरवली आणि मग बंगल्यातल्या लिंबाखाली उभी करून टाकली. ती तिथे पाव शतक उभी राहिली. सर्जन गेल्यावर मुलांनी ती भंगारवाल्याला दिली, आणि भंगारवाला ती ठेल्यावर लादून लहरताऱ्याच्या रस्त्याने नेत असताना मागून स्कूटरवर बिंदुमाधवराव येत होते. तेव्हा ते रेल्वे इंजिनांच्या कारखान्यात सेक्शन इंजिनियर होते. त्या दिवशी ते कामावर पोचलेच नाहीत. नोकरीतला त्यांचा तो पहिला आणि शेवटचा खाडा.

आता गंमत बघा. राहायचं दुर्गाघाटाला, जिथे समोरून बैल आला तर माणसाने कुणाच्या तरी ओट्यावर चढून उभं राहायचं असतं, आणि हौस करायची मोटारीची. गाडी घराच्या अर्ध्या कोसावरसुद्धा येणं शक्य नव्हतं. म्हणून तिला लहरताऱ्याला पत्र्याची एक शेड भाड्याने घेऊन ठेवली, आणि बिंदुमाधवराव रोज गल्लीबोळांतून स्कूटर काढत तिला भेटायला जाऊ लागले. प्रमोदिनीबाई, म्हणजे त्यांची बायको, शेजारणींना सांगत की आमच्या यांनी लहरताऱ्याला दुसरं घर केलंय. शेजारणी आधी दचकत आणि मग गाडीचं ऐकून निराश होत.

गाडी जुळवायला अकरा वर्षं लागली. तिच्या तळाला इतका गंज चढला होता की आत बसलं की पायाखालची जमीन दिसे. रबराची एक पट्टी बँकॉकहून आली, दिव्याची काच इंग्लंडातल्या एका म्हाताऱ्याने गवतात गुंडाळून पाठवली, आणि मूळ रंग कोणता हे ठरवण्यात तीन वर्षं गेली. तो रंग शेवटी डॅशबोर्डच्या आत, जिथे ऊन कधी पोचलं नव्हतं तिथे, बोटभर सापडला. नारिंगी होता. गाडी रंगवून झाल्यावर चुलतभाऊ वेणीमाधव, जो घाटावर भिक्षुकी करतो, तो बघायला आला आणि म्हणाला, वा बिंदू, भगवी केलीस, छान केलंस. बिंदुमाधवराव त्याच्याशी महिनाभर बोलले नाहीत.

दर जानेवारीत छावणीत जुन्या गाड्यांची रॅली निघते. तिथे लोक हॅट घालून येतात, बायका गाडीला टेकून फोटो काढतात. बिंदुमाधवरावही जात, पण ते गाड्यांचे चेहरे बघत नसत. ते वाकत, चष्मा कपाळावर सरकवत, आणि दाराच्या आतले स्क्रू बघत. मग नुसतं "हं" म्हणत. त्या एका "हं"ने छावणीतल्या कितीतरी माणसांच्या दिवसाची माती झालेली आहे. जपानी स्क्रूच्या डोक्यावरची फुली आपल्या बाजारातल्या फुलीपेक्षा किंचित निराळी असते, बाजारातला पेचकस लावला की ती झिजून गोल होते, आणि अशी गोल झालेली फुली दिसली की बिंदुमाधवरावांच्या लेखी त्या गाडीचा मालक मेला. त्यांनी स्वतः दोन पेचकस थेट जपानहून मागवले होते. एक त्यांच्या पेटीत असे. दुसरा त्यांनी रामजनमला दिला होता.

रामजनम विश्वकर्मा याचं दुकान त्या शेडपासून चार दारांवर. वेल्डिंग, रेडिएटर, सायलेन्सर, जे येईल ते. साठीचा, बुटका, कमी बोलणारा माणूस. सेलिकेचा गंजलेला तळ कापून नवा घालण्याचं काम त्याने केलं होतं, आणि ते इतकं चोख केलं की बिंदुमाधवराव दोन दिवस तळाखाली झोपून चूक शोधत राहिले आणि शेवटी तिसऱ्या दिवशी काही न बोलता तो पेचकस त्याच्या हातात ठेवून आले. त्यांच्याकडून कुणाला मिळालेली ही एवढीच पदवी. रामजनमनेही आभार मानले नाहीत. त्याने भिंतीत एक वेगळा खिळा ठोकला आणि पेचकस त्यावर टांगला. आल्यागेल्याला तो खिळा दिसे, आणि हात लावायची कुणाची हिंमत नसे.

तर असा सगळ्या जगाला नाक मुरडणारा हा माणूस. श्रद्धा या शब्दाचा तर त्यांना विटाळच. वेणीमाधव नाशिक-पुण्याच्या यात्रेकरूंना तांब्याच्या गडूत गंगाजल भरून, तोंड लाखेने बंद करून देतो आणि सांगतो, शंभर वर्षं ठेवा, नासणार नाही. ते बघून बिंदुमाधवराव घाटावर सगळ्यांदेखत म्हणत की पाणी ते पाणी, हायड्रोजन आणि ऑक्सिजन, वेणू उगाच लोकांना बनवतोय.

आणि हेच बिंदुमाधवराव, गाडीचं इंजिन पहिल्यांदा सुरू झालं त्या दिवसापासून, तिच्या रेडिएटरमध्ये गंगेचं पाणी भरत होते.

अर्थात त्यांच्या मते ती श्रद्धा नव्हती, तो विचार होता. नळाचं पाणी बोअरचं, त्याने किटलीला पांढरा थर चढतो. बॅटरीवाल्याच्या बाटलीतलं पाणी शुद्ध कशावरून, बाटली त्यानेच भरलेली. दुकानात मिळणारं हिरवं कूलंट म्हणजे रंगवलेली लबाडी. राहिलं काय? तर लहानपणी आईने देवघरातला एक जुना गडू फोडला होता, आजोबांच्या वेळचा, चाळीस वर्षं बंद, आणि आतलं पाणी स्वच्छ होतं. हे त्यांनी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलं होतं, म्हणजे हा प्रयोग झाला. जे पाणी नासत नाही ते लोखंडालाही नासवणार नाही. इतकी सरळ गोष्ट टोयोटाच्या पुस्तकात लिहिलेली नाही याचं त्यांना नवल वाटे, आणि मग वाटे, जपानात गंगा कुठे आहे.

शिवाय ते करतानाही त्यांचा काटेकोरपणा सुटला नव्हता. घाटाजवळचं पाणी चालायचं नाही. दर रविवारी उजाडताच नाव करून मधल्या धारेत जायचं, कॅन भरून आणायचा, तांब्याच्या हंड्यात रात्रभर निवळू द्यायचं, सोमवारी मलमलीच्या चार पदरांतून गाळायचं, आणि मग लहरताऱ्याला. हे सगळं नावाडी आणि प्रमोदिनीबाई सोडून कुणाला माहीत नव्हतं. रेडिएटरचं झाकण त्यांनी कधी दुसऱ्या कुणाला उघडू दिलं नाही. दर सोमवारी दुपारी प्रमोदिनीबाई तो हंडा चिंच लावून घासत.

चार वर्षं गाडी चालली. मग गेल्या पावसाळ्यात तापायला लागली. रामजनमने रेडिएटर काढून धुतला, इंजिनाचं डोकं उघडून त्याखालची गॅस्केट बदलली, सगळं होतं तसं बसवून दिलं. काम झाल्यावर तो थोडा वेळ काहीतरी बोलावं की नाही अशा चेहऱ्याने उभा होता. बिंदुमाधवरावांनी विचारलं नाही. ते स्क्रूंच्या फुल्या बघत होते.

पुढचं घडलं ते दसऱ्याला. इथले लोक गाड्या-अवजारांची पूजा विश्वकर्मा पूजेला उरकून घेतात, पण मराठी घरांतून ती दसऱ्यालाच होते, आणि प्रमोदिनीबाई ती सोडायला तयार नसत. यजमानांचा विरोध दरवर्षी नोंदवला जाई आणि दरवर्षी त्या झेंडूची माळ घेऊन टोटोतून, म्हणजे बॅटरीच्या रिक्षातून, लहरताऱ्याला येत. त्या दिवशी माळ घालून, सोनं ठेवून दोघं गाडीतून निघाले. रेल्वेच्या कारखान्याच्या फाटकापर्यंत पोचायच्या आत बॉनेटमधून वाफ उसळली. झेंडूची माळ शिजली. जुने सहकारी फाटकातून बाहेर पडत होते, त्यांनी गाडी ढकलत शेडपर्यंत आणली, आणि ढकलताना कुणीतरी म्हणालं, पाळंदेसाहेब, आपलं डिझेल इंजिन बरं होतं.

बिंदुमाधवराव तडक रामजनमच्या दुकानात गेले. बाकावर दोन टेंपोवाले बसले होते. त्यांच्यासमोर त्यांनी रामजनमला जे सुनावलं ते सगळं लिहिण्यासारखं नाही. गॅस्केट उलटी बसवलीस, बोल्ट अंदाजाने आवळलेस, पन्नास वर्षांचं इंजिन एका महिन्यात खाल्लंस. आणि शेवटी म्हणाले, "तुमसे फावड़ा-कुदाल पिटवाना चाहिए था. इंजन तुम्हारी औकात नहीं है."

प्रमोदिनीबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी मान खाली घातली. रामजनमने हात पुसले, भिंतीवरचा पेचकस काढला, तोही पुसला, आणि बिंदुमाधवरावांच्या हातात दिला.

त्यानंतर बिंदुमाधवरावांनी स्वतः इंजिन उघडलं. डोकं म्हणजे इंजिनावर बसणारा अ‍ॅल्युमिनियमचा जाड ठोकळा, त्यातून पाणी फिरायला वाटा असतात. त्या वाटा आतून खाल्लेल्या होत्या. वाळवी लागलेल्या दारासारखी धातूला भोकं पडली होती, आणि एक भोक थेट सिलिंडरपर्यंत पोचलं होतं. गॅस्केट सरळ होती. बोल्टही नीट आवळलेले होते. बिंदुमाधवरावांनी ते तीनदा तपासलं, कारण रामजनमची एखादी तरी चूक निघावी असं त्यांना फार वाटत होतं.

दुसरं डोकं जगात मिळेना. महिनाभर ते फोनला चिकटून होते. एक बँकॉकला सापडलं ते निराळ्या इंजिनाचं निघालं. एक इंग्लंडात होतं, तो गवतवाला म्हातारा वारला होता आणि त्याचं सामान मुलांनी फुंकून टाकलं होतं. हे डोकं सुधारलं नाही तर सेलिका आता फक्त उभी राहण्याची वस्तू होती, लिंबाखाली होती तशीच. अकरा वर्षं त्यांनी तिला उठवलं आणि चार वर्षांत परत निजवलं, एवढाच हिशेब उरला असता. शेवटी जुन्या गाड्यांच्या ग्रुपवरचा कोलकात्याचा अनिमेष, ज्याला ते आजवर बोलघेवडा म्हणत आले होते, त्याला व्हिडिओवर ते डोकं दाखवलं. त्याने पाच सेकंद बघितलं आणि विचारलं की यात पाणी कसलं घालत होता. साधं पाणी लोखंड आणि अ‍ॅल्युमिनियम एकत्र असलं की अ‍ॅल्युमिनियम खातं, त्यासाठीच तर कूलंट असतं, हे सातवीतल्या पोरालाही कळतं, असंही म्हणाला. बिंदुमाधवरावांनी नेटवर्क नसल्याचं सांगून फोन बंद केला. नेटवर्क उत्तम होतं.

घरी येऊन ते देवघरासमोर नुसते बसले. प्रमोदिनीबाईंनी चहा ठेवला आणि काय झालं ते विचारलं. त्यांनी सगळं सांगितलं. बाई ऐकून घेत होत्या. त्यांनी हंड्याकडे बोट दाखवलं.

"चार वर्षं मी हा हंडा मांजतेय. दर सोमवारी तळाशी चमचाभर गंगेची बालू निघते. तुमच्या चार पदरांतून किती जात असेल ते तुम्हीच बघा."

"मग बोलली का नाहीस?"

"तुम्ही विचारलंत कधी? मला वाटलं, इंजिनियर माणूस आहे, हिशेब केला असेल. आणि अ‍ॅल्युमिनियमचं मला कुठे माहीत होतं. पण त्या रामजनमला तुम्ही जे बोललात ते मला माहीत होतं. ते चुकीचं होतं, दोष त्याचा असता तरीसुद्धा."

एवढं बोलून त्या भाजी निवडायला बसल्या. बिंदुमाधवरावांना राग आला, आणि कुणावर काढावा ते समजेना. आयुष्यभर जिथे राग यायचा तिथे समोर कुणी ना कुणी अर्धवट उभा असायचा. आता समोर चहाचा कप होता आणि हंडा होता.

अ‍ॅल्युमिनियम न वाकवता भरून काढणारा माणूस बनारसमध्ये एकच. त्यांनी आठवडाभर दुसरा शोधला. नदेसरला गेले, चौकाघाटला गेले. प्रत्येक ठिकाणी लोक डोकं उलटंपालटं करून म्हणाले, लहरतारा जाइए, रामजनम के पास. कुणी कुणी वर हेही म्हणालं, आप तो उधर ही रहते हैं न.

शेवटी एका सकाळी त्यांनी ते डोकं जुन्या धोतरात गुंडाळून स्कूटरच्या पुढ्यात ठेवलं. पेचकस खिशात टाकला, परत काढला, परत टाकला. वाटेत त्यांनी एक वाक्य तयार केलं. पन्नास वर्षांचा धातू आहे, थकला बिचारा, कुणाचाच दोष नाही. वाक्य त्यांना आवडलं. त्यात कुणाचाच दोष नव्हता, म्हणजे त्यांचाही नव्हता.

दुकानात रामजनम एका टेंपोच्या सायलेन्सरवर वाकला होता. बाकावर दसऱ्याच्या दिवशीच्या दोघांपैकी एक टेंपोवाला बसलेला. भिंतीवरचा खिळा रिकामाच होता, त्यावर दुसरं काहीही टांगलेलं नव्हतं. बिंदुमाधवरावांनी धोतर सोडलं. रामजनमने हात धुतले, डोकं उचलून उजेडाकडे नेलं, भोकांतून बोट फिरवलं आणि म्हणाला की होईल, दहा-बारा दिवस लागतील.

बिंदुमाधवरावांनी ते तयार वाक्य उच्चारायला तोंड उघडलं, तेवढ्यात रामजनमच म्हणाला, "पानी तो गंगाजी का था न?"

टेंपोवाला वर बघायला लागला. बिंदुमाधवरावांच्या तोंडातलं वाक्य तोंडातच राहिलं. मग त्यांनी विचारलं, तुला कसं कळलं. रामजनमने सांगितलं की पावसाळ्यात गॅस्केट बदलताना नळीतून बारीक वाळू आली होती. नळाच्या पाण्यात तशी वाळू येत नाही, ती नदीचीच.

"तब बोले क्यों नहीं?" बिंदुमाधवरावांचा आवाज त्यांना स्वतःलाच अनोळखी वाटला.

"आप पंडित आदमी हैं," रामजनम म्हणाला. "हम सोचे श्रद्धा की बात है. कोई अपनी गाड़ी को गंगाजी का जल चढ़ा रहा है, तो हम कौन होते हैं टोकने वाले."

तो टोमणा नव्हता. टोमणा असता तर बिंदुमाधवरावांनी तो परतवला असता, त्यात त्यांचा हात कुणी धरला नसता. रामजनम अगदी मनापासून बोलत होता. दसऱ्याला त्याची लायकी काढली जात असतानाही त्याच्याजवळ उत्तर होतं, वाळूच्या दाण्यांनिशी होतं, आणि टेंपोवाल्यांसमोर ते बाहेर काढलं तर एका भाविक माणसाचा अपमान होईल म्हणून तो मूग गिळून बसला होता. साठ वर्षं ज्या शब्दाची थट्टा केली, तोच शब्द आता कुणीतरी त्यांच्या अंगावर पांघरूण म्हणून घालत होतं. नुसती मान हलवली असती तरी भागलं असतं. डोकं सुधारलं असतं, इज्जत राहिली असती, आणि टेंपोवाल्याने उद्या सगळ्या रस्त्याला सांगितलं असतं की पाळंदेसाहेब वरून कडक आहेत पण आतून मोठे भक्त आहेत.

बिंदुमाधवरावांनी खरोखरच मान हलवायला सुरुवात केली होती. पण समोर तो रिकामा खिळा होता.

"श्रद्धा नहीं थी, रामजनम," ते म्हणाले. "हम समझते थे ये पानी सड़ता नहीं, तो इंजन को भी नहीं सड़ाएगा. चार साल अपने हाथ से भरा. तुम्हारा काम एकदम ठीक था, हमने खोलकर देखा है. और उस दिन जो हम बोले..." पुढे त्यांना हिंदी सुचेना. कारखान्यात पस्तीस वर्षं हिंदीतून हुकूम सोडले होते, पण स्वतःसाठी लागणारा शब्द त्या भाषेत कधी शोधायची वेळ आली नव्हती. तेव्हा ते मराठीतच म्हणाले, "अर्धवट आहे मी."

रामजनमला मराठी येत नव्हती. पण हा एक शब्द त्याने पंधरा वर्षं रोज ऐकला होता, नळवाल्यांबद्दल, जावयाबद्दल, छावणीतल्या हॅटवाल्यांबद्दल, आणि त्याचा अर्थ त्याला चांगला ठाऊक होता. तो हसला नाही. त्याने डोकं जपून टेबलावर ठेवलं, त्यावर धोतर परत झाकलं, आणि विचारलं, "पेचकस लाए हैं?"

बिंदुमाधवरावांनी खिशातून पेचकस काढून दिला. रामजनमने तो खिळ्यावर टांगला आणि सायलेन्सरकडे वळला. मग मागे न वळता म्हणाला, "और सुनिए. पानी अब हम भरेंगे. ढक्कन आप मत छूइएगा."

"जी," बिंदुमाधवराव म्हणाले. लहरताऱ्यात हा शब्द त्यांच्या तोंडून आजवर कुणी ऐकला नव्हता.